शेवटचा खिळा

एखाद्या राजवटीची, मताची किंवा चळवळीची अखेर झाली असें सांगावयाचें असलें, म्हणजे आमचे लेखक हटकून 'शवपेटीवर शेवटचा खिळा ठोकला' असें लिहितात. हा वाक्प्रचार मूळ इंग्रजी वळणाचा. परभाषेंतून घेण्यास आमची हरकत नाहीं. 'पूर्णविराम देणें' हा प्रयोगही त्याच वळणाचा; जुन्या मोडी दफ्तरांत विरामचिन्हें कोठें होतीं? तरी तो आज कोणास खटकत नाहीं, कारण छापील पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकानें तें टिंब पाहिलेलें असतें.

खिळ्याची गोष्ट निराळी. शहागंजच्या बाजारांत घड्याळाच्या मनोऱ्याभोंवतीं जे हिंदु-मुसलमान वावरतात, त्यांपैकीं कोणाच्या घरीं पेटीला खिळे ठोकतात? एकाकडे चिता, दुसऱ्याकडे कफन. जवळच खुलदाबादेस प्रत्यक्ष औरंगजेब बादशहाची कबर उघड्या आकाशाखालीं आहे. ख्रिस्ती कुटुंबांना ती पेटी परिचयाची आहे. त्यांच्या लेखणींत हा प्रयोग शोभेल.

शिवाय इंग्रजींत हा खिळा नेहमीं शेवटचाच असतो असें नाहीं. 'आणखी एक खिळा' असेंही ते लोक म्हणतात, व त्यांत मरण हळूहळू जवळ येत असल्याचा भाव असतो. डिकन्सनें १८४३ च्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्यें दाराच्या खिळ्यापेक्षां शवपेटीचाच खिळा अधिक निर्जीव मानावा, असा विनोद केला आहे. आमच्याकडे ही छटा गळाली आणि ठोकाठोक तेवढी उरली.

गंमत अशी, कीं हिंदी-उर्दूंत हाच प्रयोग 'ताबूत' शब्दानें रुळला आहे, आणि मराठींत ताबूत म्हणजे मोहरमांतील डोला! 'ताबूत थंडे झाले' म्हटलें, कीं ढोलताशे थांबले, गर्दी पांगली, माणसें आपापल्या घरीं गेलीं, हें सारें डोळ्यांपुढें उभें राहतें. निवडणुकीच्या धामधुमीची अखेर सांगण्यास याहून चांगला शब्द आम्हांस सुचत नाहीं.

पण शब्दाच्या शोभेपेक्षां अर्थाचा प्रश्न मोठा आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबादच्या फौजेनें शरणागति पत्करली, तेव्हां निजामशाहीवर शेवटचा खिळा बसला, असें लिहिणें सोपें आहे. परंतु तेच निजाम १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यांत आले ते १९५६ च्या नोव्हेंबरांत. मग शेवटचा खिळा नेमका कोणत्या तारखेचा समजावा?