‘मी घर बांधले’ : एका वाक्याचा कर्ता

अरण्यात जाऊन स्वतःच्या हाताने लाकडी घर बांधणाऱ्या आणि त्यात एकट्याने राहणाऱ्या माणसांची पुस्तके हा अमेरिकन वाङ्मयातला एक ठसठशीत प्रकार आहे. त्याला स्वतंत्र नाव नाही, पण त्याचे संकेत ठरून गेले आहेत. निघण्यापूर्वीचा समाजाविषयीचा कंटाळा, जागेची निवड, पहिले झाड, पहिली भिंत, छप्पर, चूल, पहिला हिवाळा, आणि मग निरीक्षण व चिंतन, असा हा क्रम आहे. या सगळ्याच्या मुळाशी एकच वाक्य असते : ‘मी घर बांधले.’ पुस्तकाचा सारा नैतिक अधिकार या वाक्यावर तोललेला असतो. म्हणून या वाक्यातला ‘मी’ नेमका कोण, ही या वाङ्मयाची खरी कसोटी ठरते. प्रस्तुत लेखात मुख्यतः दोन पुस्तके या कसोटीवर पाहायची आहेत : हेन्री डेव्हिड थोरोचे ‘वॉल्डन’ (1854) आणि रिचर्ड प्रेनेकी यांच्या रोजनिशीवरून सॅम कीथ यांनी लिहिलेले ‘वन मॅन्स विल्डरनेस’ (1973).

1

आधी या घराविषयी थोडे. आडव्या ओंडक्यांची भिंत रचण्याची रीत अमेरिकेत जन्मलेली नाही. 1638 पासून डेलावेअर नदीच्या खोऱ्यात वसलेल्या स्वीडिश व फिनिश लोकांनी ती सोबत नेली. पण दोनशे वर्षांच्या आत ती ‘खास अमेरिकन’ झाली, आणि लगोलग राजकारणातही शिरली. 1840 च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांचा प्रचार ओंडक्यांची झोपडी हे चिन्ह मिरवीत झाला. प्रत्यक्षात हॅरिसन व्हर्जिनियातल्या एका मळेवाल्या घराण्याच्या विटांच्या प्रशस्त वाड्यात जन्मले होते. थोरो वॉल्डनकाठी गेला तो यानंतर पाचच वर्षांनी. म्हणजे हे घर वाङ्मयात येण्याआधीच त्याच्याभोवती साधेपणाची एक दंतकथा तयार होती, आणि तिचा व वस्तुस्थितीचा सांधा पहिल्यापासूनच निखळलेला होता.

थोरोचे घर तर ओंडक्यांचे नव्हतेच. चौकटीसाठी त्याने पाइनची झाडे तोडून, तासून चौकोनी वासे केले. त्यावर फळ्या, बाहेरून लाकडी कवले, आतून गिलावा. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. लोकांच्या मनातली ओंडक्यांची झोपडी त्याच्या पुस्तकात कुठेही नाही. ती वाचकांनी नंतर बांधली.

2

‘वॉल्डन’मधला सर्वांत धीट भाग म्हणजे घराचा जमाखर्च. एकूण खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. त्यात फळ्या 8 डॉलर साडेतीन सेंट, काचेसह दोन जुन्या खिडक्या 2 डॉलर 43 सेंट, हजार जुन्या विटा 4 डॉलर, दाराची कडी 10 सेंट, खडू 1 सेंट. तत्त्वचिंतनाच्या ग्रंथात एका सेंटचा खडू नोंदवणारा लेखक केवळ काटकसर शिकवीत नाही. ‘किंमत’ हा शब्द तो व्यापाऱ्यांच्या हातून काढून घेत आहे. कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी खर्ची पडणारे आयुष्य, हा त्याचा सिद्धान्त. तो पटावा म्हणून त्याला आकडे लागतात.

पण हा जमाखर्च नीट वाचला तर त्यात काय नाही हेही दिसते. लाकूड, दगड आणि वाळू यांची किंमत त्यात धरलेली नाही. ते त्याने तिथे वस्ती केल्याच्या हक्काने घेतले, असे तो स्वतःच सांगतो. जमीन मित्राची, म्हणजे इमर्सनची. कुऱ्हाड उसनी. चौकट उभी करायला आलेले मित्र बिनमोल. फळ्यांची कथा तर अधिक बोलकी आहे. त्या फळ्या म्हणजे जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वेमजुराची खोपटी. ती थोरोने 4 डॉलर 25 सेंटला विकत घेतली. पैसे रात्री द्यायचे आणि कॉलिन्सने पहाटे पाचला जागा सोडायची, असा सौदा. सकाळी सहाला ते कुटुंब रस्त्यात भेटते. सारा संसार एका गाठोड्यात. मांजर तेवढी मागे राहते, रानटी होते आणि सापळ्यात सापडून मरते. खोपटी मोडून फळ्या तळ्याकाठी वाहून नेल्या जातात, उन्हात वाळवल्या जातात.

म्हणजे एक घर मोडले तेव्हा हे घर उभे राहिले. थोरोच्या टीकाकारांनी त्याच्यावर नेहमी दुसराच आरोप केला : तो आईच्या घरी जेवायला जात असे, गाव जेमतेम दीड-दोन मैलांवर होते, आगगाडी तळ्याच्या काठाने धावत होती. हा आरोप लंगडा आहे, कारण यातले बरेचसे थोरोने कधी लपवलेच नाही. आगगाडीवर तर त्याने पानेच्या पाने लिहिली. कॉलिन्सचा प्रश्न त्याहून कठीण आहे. ज्याला घर सोडावे लागते त्याच्या दारिद्र्याच्या फळ्यांतून दुसऱ्याच्या स्वेच्छेच्या साधेपणाचे घर होते. थोरो हे पाहतो आणि नोंदवतो, पण त्यावर थांबत नाही. कॉलिन्स कुटुंब पुढे कुठे गेले, हे पुस्तक विचारत नाही. मात्र मांजराचे काय झाले ते सांगते.

तरीही ‘वॉल्डन’ या प्रकारातले सर्वश्रेष्ठ पुस्तक ठरते ते याच नोंदींमुळे. पुढे हिवाळ्याच्या भागात थोरो त्या रानातल्या आधीच्या रहिवाशांवर एक प्रकरण लिहितो. केटो इंग्रॅहॅम, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन या कधीकाळी गुलाम असलेल्या किंवा त्या समाजातल्या माणसांची घरे याच झाडीत होती. गावाने त्यांना नापीक कडेला ढकलले होते. तळघरांचे खड्डे आणि माजलेली झुडपे एवढ्याच त्यांच्या खुणा उरल्या होत्या. एकान्ताचे स्तोत्र गाणारा लेखक आपले रान निर्जन नव्हते हे स्वतः सांगतो. आपल्या ‘मी’विरुद्धचा पुरावा पुस्तकातच ठेवण्याचे हे धैर्य त्याच्या अनुयायांत विरळाच दिसते.

3

रिचर्ड प्रेनेकी (1916–2003) हा थोरोहून अगदी निराळा माणूस. नौदलात सुतार, नंतर डिझेल यंत्रांचा कारागीर. 1967 च्या उन्हाळ्यात त्यांनी अलास्कातल्या ट्विन लेक्सच्या काठी स्प्रूसची झाडे तोडून, सोलून, वाळत घातली. 1968 च्या मे महिन्यात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते परत आले आणि बांधकामाला लागले. तोवर राहायला मित्राची केबिन होती. हत्यारांची पाती त्यांनी सोबत आणली आणि दांडे तिथल्याच लाकडाचे केले. पुढची सुमारे तीस वर्षे ते मुख्यतः तिथेच राहिले.

‘वन मॅन्स विल्डरनेस’चे सामर्थ्य त्यातल्या कामाच्या वर्णनात आहे. ओंडक्यावर ओंडका बसवणे हे दिसते तेवढे सोपे नसते. दोन्ही गोल, दोन्हींना उतार, गाठी, किंचित बाक. म्हणून वरचा ओंडका जागेवर ठेवून खालच्याचा आकार कर्कटकाने त्यावर उतरवून घ्यायचा, तो पुन्हा खाली घेऊन तेवढीच खाच कोरायची आणि मग बसवून पाहायचा. खाच वरच्या ओंडक्याच्या पोटाला असते, म्हणजे पाणी साचत नाही आणि लाकूड कुजत नाही. उरलेल्या फटींत शेवाळ ठासायचे. बिजागऱ्या लाकडाच्या, कडी लाकडाची, चमचे आणि वाडगे लाकडाचे. शेकोटीसाठी दगड गोळा करून आणायचे. हे वाचताना जो आनंद होतो तो निसर्गवर्णनाचा नव्हे. एका वस्तूने दुसरीचा आकार मान्य करण्याचा तो आनंद आहे. भिंत पक्की होते ती ओंडके सारखे असल्यामुळे नव्हे, प्रत्येक ओंडका त्याच्या खालच्याप्रमाणे कोरला गेल्यामुळे.

पण इथेही ‘मी’ची अडचण आहे, आणि ती थोरोपेक्षा अधिक गुंतागुंतीची. पुस्तक प्रथमपुरुषी आहे, मात्र त्याचे गद्य प्रेनेकींच्या एकट्याचे नाही. त्यांच्या नोंदी आणि छायाचित्रे यांवरून ते त्यांचे मित्र सॅम कीथ यांनी सिद्ध केले. ज्या आवाजाला आपण एकांतवासी माणसाचा आवाज म्हणून ऐकतो, तो मैत्रीतून घडलेला आवाज आहे. पुढे जॉन ब्रॅन्सन यांनी रोजनिशीतला मोठा भाग स्वतंत्रपणे संपादित करून प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ लेखणी किती रोखठोक आणि दैनंदिन आहे हे वाचकांना पडताळता आले. 2004 साली प्रेनेकींच्याच चित्रफितींवरून ‘अलोन इन द विल्डरनेस’ हा माहितीपट तयार झाला. त्यातल्या प्रथमपुरुषी निवेदनाचा आवाजही त्यांचा नाही.

त्या चित्रफितींचा आणखी एक धडा आहे. एकटा माणूस कॅमेऱ्यापासून दूर चालत जातो, लहान होत जातो, असे दृश्य आपण पाहतो आणि एकान्ताने भारावतो. परंतु ते दृश्य टिपण्यासाठी त्याच माणसाने कॅमेरा तिकाटण्यावर लावलेला असतो, आणि तो उचलण्यासाठी त्याला तेवढेच अंतर परत यावे लागते. परतीची ही चाल चित्रात नसते. कोणत्याही एकांतवासाच्या पुस्तकात हीच गोष्ट घडते : जाणे दिसते, लिहिण्यासाठी माणसांकडे तोंड फिरवणे दिसत नाही.

याचा अर्थ प्रेनेकी खोटे होते असा मुळीच नव्हे. सामान आणि टपाल घेऊन येणारा वैमानिक बेब ॲल्सवर्थ त्या पुस्तकात उघडपणे वावरतो. छपरावरच्या शेवाळाखाली पॉलिथिनचा थर आहे हेही सांगितलेले आहे. लपवाछपवी लेखकाची नाही, वाचकाच्या हौसेची आहे. आपल्याला संपूर्ण एकटा माणूस हवा असतो, म्हणून विमानाचा आवाज आपण ऐकत नाही. पुस्तक जे बोलत नाही ते वेगळेच आहे : त्या ‘विल्डरनेस’चे पूर्वीचे लोक. लेक क्लार्कचा परिसर डेनाइना लोकांचा. किजिक हे त्यांचे जुने गाव विसाव्या शतकाच्या आरंभी ओस पडले. 1980 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि प्रेनेकींचे घर आज वारसा म्हणून जपले जाते. अरण्य ‘निर्जन’ असते तेव्हा बहुधा ते निर्जन झालेले असते. थोरोच्या त्या प्रकरणासारखे एखादे प्रकरण इथे हवे होते.

या प्रकाराचा आणखी एक पेच ॲन लाबास्टीलच्या ‘वुड्सवुमन’मध्ये (1976) दिसतो. ॲडिरॉन्डॅक पर्वतातल्या आपल्या तळ्याचे खरे नाव तिने पुस्तकात बदलले, कारण एकान्ताचे पुस्तक यशस्वी झाले की वाचक एकान्त पाहायला येतात. पुढे तिला थोरोच्या धर्तीवर दुसरी, आणखी लहान झोपडी बांधावीशी वाटली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

4

मराठीत ‘वॉल्डन’ आले ते दुर्गा भागवतांच्या अनुवादातून, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. हे शीर्षक स्वतंत्रपणे विचार करावा असे आहे. मूळ शीर्षकाला ‘ऑर, लाइफ इन द वुड्स’ असे शेपूट होते. 1862 मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, थोरोने प्रकाशकाला ते काढून टाकायला सांगितले. मराठी शीर्षकातही रान नाही. तळे आहे आणि विचार आहे. शिवाय ‘विहार’ हा शब्द दुहेरी आहे : स्वच्छंद भटकंती आणि भिक्षूंचे निवासस्थान. जातककथांचा अनुवाद केलेल्या लेखिकेच्या लेखणीतून हा शब्द यावा हे अर्थपूर्ण वाटते. विहारात भिक्षू राहतो, पण विहार त्याच्या मालकीचा नसतो. इमर्सनच्या जमिनीवर दोन वर्षे, दोन महिने, दोन दिवस राहून निघून गेलेल्या माणसाला हा शब्द नेमका लागू पडतो.

मात्र आपल्याकडे त्यातला विचार रुजला, सुतारकाम रुजले नाही. मराठी लेखक रानात गेला तो बांधायला नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांचा नागझिऱ्यातला मुक्काम असो की मारुती चितमपल्लींचे वनखात्याच्या नोकरीतले आयुष्य, निवारा तिथे आधीच असतो आणि लेखक पाहुणा किंवा चाकर असतो. याचे कारण कल्पनेच्या दारिद्र्यात नाही. आपले रान कधी रिकामे मानताच आले नाही. तिथे गोंड, माडिया, कोरकू, वारली यांची घरे होती, आणि ब्रिटिश काळापासून वनखात्याचा कायदाही होता. या रानात ‘मी घर बांधले’ हे वाक्य आत्मचरित्राचे नसून दाव्याचे असते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवायचा तर घर, झोपडी, बांध या गोष्टी पुरावा म्हणून मांडाव्या लागतात. एकाला जे वाक्य स्वातंत्र्याचे वाटते, ते दुसऱ्याला समितीपुढे सिद्ध करावे लागते.

5

मग या पुस्तकांचे करायचे काय? त्यांचा एकान्त भाबडा ठरवून त्यांना मोडीत काढणे सोपे आहे, पण त्याने हाती काही लागत नाही. खडूच्या एका सेंटचा हिशेब ठेवणारी नजर आणि खाच बसेपर्यंत ओंडका वर-खाली करणारा हात, या दोन गोष्टी खऱ्या आहेत. सगळे विकत मिळणाऱ्या काळात त्यांची निकड वाढलीच आहे. टाकायचे ते एवढेच : एकटेपणाचा अहंकार.

इथे मराठीचे व्याकरण वाचकाच्या मदतीला येते. इंग्रजीत ‘मी’ वाक्याच्या डोक्यावर बसतो आणि क्रियेचा धनी होतो. मराठीत आपण म्हणतो : मी झोपडी बांधली, मी घर बांधले, मी वाडा बांधला. क्रियापद ‘मी’कडे पाहत नाही. ते बांधलेल्या वस्तूच्या लिंगावचनाप्रमाणे चालते. या वाङ्मयातली उत्तम पाने अशीच कर्मणी आहेत. कॉलिन्सच्या फळ्या, उसनी कुऱ्हाड, खालच्या ओंडक्याप्रमाणे कोरलेला वरचा ओंडका, यांचे ऐकून ती चालतात. जिथे ‘मी’ कर्तरी होऊ पाहतो तिथे ती पोकळ वाटू लागतात.

थोरो निघून गेल्यावर त्याचे घर विकले गेले, जागेवरून हलवले गेले, धान्य साठवायला वापरले गेले. शेवटी छप्पर आणि फळ्या शेतकऱ्यांच्या गोठ्या-कोठारांच्या कामी आल्या. कॉलिन्सच्या खोपटीतून आलेले लाकूड पुन्हा दुसऱ्या कुणाच्या घरी गेले. ‘वॉल्डन’च्या जमाखर्चात ही नोंद नाही, पण त्या हिशेबाची ती खरी अखेरची ओळ आहे.