लंडनजवळच्या हॉलमधली सासनकाठी

यंदाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर गणपती नाही, याबद्दल दोघा-तिघा ज्येष्ठांनी आधीच नाराजी कळवली आहे. त्यांचा मान राखून सांगतो, मुखपृष्ठावर कोल्हापूरजवळचा जोतिबाचा डोंगर आहे. चैत्र पौर्णिमेची दुपार, गुलालात न्हालेली काळ्या दगडाची देवळं आणि आभाळात तिरक्या घुसलेल्या सासनकाठ्या, म्हणजे यात्रेत नाचवायच्या उंच काठ्या. चित्र जलरंगातलं, काढलंय आपल्याच काकांनी. ‘नाव छापलंत तर पुढच्या वर्षी चित्र मागायला येऊ नका,’ असा दम मिळाल्यामुळे या लेखात ते नुसते काका. ओळखणारे ओळखतीलच.

मंडळात कला म्हणजे रंगमंच, हा आपला जुना समज. नाटक बसतं, गाण्याचे वर्ग चालतात, ढोल-ताशाचं पथक उभं राहतं, लावणीला वन्समोअर मिळतो. चित्रकाराची आठवण होते ती मखर रंगवायला नाहीतर नाटकाचा पडदा करायला. फोटोग्राफरची त्याहून वाईट गत. सगळ्यांचे ग्रुप फोटो काढून होईपर्यंत त्याच्या वाटणीचं श्रीखंड संपलेलं असतं. कार्यक्रमपत्रिकेत चित्राला जागा नाही, कारण टाळ्या कधी वाजवायच्या ते कुणाला कळत नाही. अशा वातावरणात काकांनी भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी मराठी शाळा सुटली की, चित्रांचा वर्ग टिकवला. लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारखी १९३२ सालापासूनची परंपरा आपल्याकडे नाही, स्वतःची वास्तू नाही. टेबलं मांडायची, खाली वर्तमानपत्रं पसरायची आणि सहाच्या ठोक्याला सगळं आवरून किल्ली परत द्यायची. तरी वर्ग चालू आहे, आणि तो कोल्हापुरी वळणाचा आहे.

ते वळण कुठून आलं? आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मोठ्या शहरात नाव कमवायची वाट मोकळी असताना ते कोल्हापूरला परतले आणि रंकाळा आणि कोटितीर्थ या तळ्यांसमोर वेगवेगळ्या प्रहरी जाऊन बसले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली ते गेले, पण समोर जाऊन बसायची सवय गावाला लावून गेले. पुढे दत्तोबा दळवींनी ती शिकवली, बाबुराव पेंटरांनी ती पडद्यावर नेली, चंद्रकांत मांडरे सिनेमाचे नायक असूनही तिच्यापायी रंगपेटी घेऊन रानोमाळ हिंडले. कलापूर हे बिरूद कोल्हापुरानं स्वतःलाच लावून घेतलं असेल, पण फुकटचं नाही.

आणि हे वळण परदेशी जाणं काही आपल्या पिढीपासून सुरू झालेलं नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले. चित्रकलेचे सुरुवातीचे धडे त्यांनी आबालालांकडेच गिरवले. पुढे ते जे. जे.मध्ये विद्यार्थी, मग शिक्षक आणि १९३० साली काही काळ संचालकही झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डं निघाली. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं त्यांवर हुबेहूब उतरली होती, आणि साहेबलोक ती कार्डं विकत घेऊन मायदेशी धाडत. जुन्या कार्डांच्या बाजारात ती अजून हाती लागतात. मागच्या बाजूला कुणा मडमेनं हवापाण्याची तक्रार लिहिलेली असते आणि पुढं धुरंधरांची अस्सल मराठी बाई नऊवारीत उभी असते.

उलट दिशेची वाहतूक त्याहून जुनी आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात, म्हणजे १९४५च्या सुमारास, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची एक छोटी रोमन कांस्यमूर्ती निघाली. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये गेलात तर तिची चौकशी जरूर करा. आणि या देण्याची जणू परतफेड इटलीत झाली आहे. कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना १८७० साली फ्लॉरेन्समध्ये वारले. अर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि चार वर्षांनी तिथं छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा बसला. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आणि कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्यांनीच आखलेला. इटलीला जाणारी आपली मंडळी पिसाच्या मनोऱ्याला हात टेकवून फोटो काढून परततात. फ्लॉरेन्सच्या कास्चिने बागेच्या टोकाला कोल्हापूरचा राजा आहे, तिथंही दहा मिनिटं काढा.

आता वर्गाकडे वळू. काका नव्या मुलाला पहिलं काम देतात ते सासनकाठीचं. इथं जन्मलेली मुलं जोतिबाला गेलेली असतात, पण लहानपणी कधीतरी, बाबांच्या खांद्यावरून. ती झेंड्याच्या खांबासारखी एक उभी सरळ रेघ मारतात आणि वर रंगीत कापड लावतात. काका काहीच खोडत नाहीत. ते एका मुलाला हॉलमधला खिडक्या उघडायचा लांब बांबू देतात, त्याच्या शेंड्याला चार दोऱ्या बांधतात, चार मुलांना चार दिशांनी त्या धरायला लावतात आणि बांबूवाल्याला म्हणतात, ‘आता नाच.’ दुसऱ्याच पावलाला बांबू कलतो, एका बाजूची दोरी ताणली जाते, समोरची सैल पडते, धरणाऱ्याची मान वर आणि नजर शेंड्याला. ‘थांबा! असंच राहा. काढा आता.’ मग जी रेघ उतरते ती तिरकी असते आणि जिवंत असते. ‘आधी दोऱ्या काढा. काठीला पेलतात त्या तोरण्या. माणसं मागनं येतील, घाई नाही त्यांना,’ हे काकांचं ठरलेलं वाक्य.

रंगांचंही तसंच. गुलाल काढायचा म्हणून मुलं गुलाबी ट्यूब शोधतात. काका आपल्या सगळ्यांच्या शाळेच्या पेटीत असायचा तो क्रिमसन लेक घेतात, भरपूर पाण्यात पातळ करतात आणि ओल्या कागदावर सोडून देतात. जिथं उधळण सर्वांत जास्त, तिथला कागद ते कोराच ठेवतात, कारण भर उन्हात गुलालाचा लोट मधोमध जवळजवळ पांढरा दिसतो आणि रंग त्याच्या कडांना राहतो. देवळाच्या दगडाला ते काळा रंग लावत नाहीत. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून जो गरम काळा येतो, तो लावतात. एका मुलीनं विचारलं, ‘आजोबा, ब्लॅक ट्यूब आहे की!’ ‘ती सही करायला ठेव,’ असं उत्तर मिळालं.

आपल्यापैकी अनेकांनी चित्रकलेच्या एलिमेंट्री आणि इंटरमीजिएट परीक्षा दिल्या आहेत. स्थिरचित्रातला तो तांब्या, ते वांगं आणि मागचा चुरगळलेला पडदा कुणाच्या स्वप्नात येत नाही? स्मरणचित्राच्या पेपराला आपण पाठ करून ठेवलेली बाजाराची चित्रं उतरवत होतो, हेही आता कबूल करायला हरकत नाही. काकांच्या वर्गात पाठ केलेलं चालत नाही. बघितलेलं चालतं. माझ्या मते परदेशात हीच गोष्ट टिकवणं सर्वांत अवघड आहे. वारली नक्षीचे मग आणि पैठणीच्या काठांचे कुशन बाजारात मिळतात, बघायची सवय मिळत नाही.

फोटोग्राफीवाल्यांनी आता खुर्ची जरा पुढं ओढावी. मराठी माणसाला कॅमेऱ्याचं वेड उशिरा लागलं असं कुणी समजू नये. लंडनमध्ये १८५३ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, मुंबईत १८५४ साली, आणि मुंबईच्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हौसेनं वावरत होते. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता खटपट करून स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. हातात फोन घेऊन त्याच्यासमोरून जाताना थोडं थांबावं, एवढा हक्क त्याचा आहे.

जोतिबाच्या यात्रेचे फोटो मात्र आताशा एकमेकांच्या नकला वाटतात. ड्रोनमधून घेतलेलं गुलाबी पटांगण एकदा बघितलं की झालं, त्यात माणूस नाही. तुम्ही सुट्टी जुळवून चैत्रात गेलात तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. गुलाल कॅमेऱ्याचा वैरी आहे. लेन्स डोंगरावर बदलायची नाही, खालीच ठरवून जायची. कण बसले तर ब्लोअरनं उडवायचे, रुमालानं पुसलं की काचेवर ओरखडे आलेच. एवढ्या गुलाबीत लाल रंग आधी भरून जातो आणि चेहऱ्यांचे उंचसखल भाग सपाट होतात, म्हणून एक्स्पोजर थोडं कमीच ठेवा. ऊन पाठीशी न घेता गुलालाच्या पलीकडं ठेवा, लोट आतून पेटल्यासारखा दिसतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात गुलालासोबत उधळलेला खोबऱ्याचा तुकडा हवेत थांबतो, तिसाव्या भागात सगळी गर्दी वाहू लागते. दोन्ही करून बघा. संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे निघते, तेव्हा काही काळ कॅमेरा पिशवीत टाका आणि ‘चांगभलं’ म्हणा. आणि गाभाऱ्यात कॅमेरा काढू नका, कुणी अडवो न अडवो.

खरं सांगायचं तर चित्र काढायला यात्रेपेक्षा एरवीचा जोतिबा बरा. माघातल्या रविवारी खेटे घालायला, म्हणजे पायी वाऱ्या करायला, माणसं पहाटे अनवाणी कोल्हापुरातून निघतात आणि कुशिऱ्याच्या बाजूनं डोंगर चढतात. माघात सुट्टी जुळवली तर एखादा खेटा सापडूही शकतो. वर पोचल्यावर शिंद्यांची देवळं निवांत बघता येतात. मुख्य देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं, शेजारचं केदारेश्वर १८०८ साली दौलतराव शिंद्यांनी. समोर पन्हाळा, मागं वारणेचं खोरं. आत गुरव मंडळी रोज देवाची पूजा बांधतात. कधी सरदारी थाट, कधी नवरात्रात कमळातली पूजा. वस्त्राची चुणी कशी घातली, फेट्याचा तुरा कुठल्या अंगाला कलला, हे नीट बघा. दृश्यकलेचा असा धडा कुठल्याही कॉलेजात फी भरून मिळणार नाही. खाली गावात राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, टाउन हॉलचं म्युझियम आहे, शाहू स्मारकात प्रदर्शनं चालू असतात. हिवाळ्यात टाउन हॉलच्या बागेत रंगबहार संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ भरते. झाडाखाली कुणी व्यक्तिचित्र करतंय, कुणी मातीत मुखवटा उभा करतंय आणि बाजूला गाणं चालू आहे. तिकीट काढून थिएटरात बसायची सवय लागलेल्या आपल्या मुलांना तिथं जरूर न्या.

इकडं राहूनही हात रिकामा ठेवायचं कारण नाही. नॅशनल गॅलरी, ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, तिन्हींच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही आणि पेन्सिल-वही घेऊन बसलेल्याला कुणी उठवत नाही. जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या ज्या नकला केल्या, त्यांतल्या आगीतून वाचलेल्या याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या संग्रहात आहेत. फोटोग्राफीसाठी तिथं २०१८ पासून स्वतंत्र विभाग आहे. काका मुलांना तिथं नेतात ते सगळं दाखवायला नव्हे. एका चित्रासमोर बसवतात आणि चहाची वेळ होईपर्यंत उठू देत नाहीत. आबालालांचा रंकाळा इथं नाही, पण थेम्स आहे आणि प्रहर तेवढेच आहेत.

परदेशात राहून आयुष्यभर चित्र धरून ठेवणारे आपल्यात कमी झाले नाहीत. मोहन सामंत १९६८ पासून शेवटपर्यंत न्यूयॉर्कमध्ये रंगवत राहिले आणि जोडीला सारंगी वाजवत राहिले. अकोल्याचे आंबादास ऑस्लोमध्ये स्थायिक झाले आणि तिथंच २०१२ साली गेले. ही नावं मोठी, त्यांच्या पंक्तीत काकांना बसवलं तर काका पान उलटून जातील. पण आपल्या नोकरीच्या, मुलांच्या आणि कर्जाच्या धबडग्यात रविवारचे दोन तास पन्नाशीच्या बाया आणि आठ वर्षांची पोरं एका टेबलाशी बसून समोरचं बघायला शिकतात, हे काम मला मंडळाच्या कुठल्याही नाटकाइतकं मोलाचं वाटतं. नाटकवाल्यांनी रागावू नये.

पुढच्या स्मरणिकेसाठी गावाकडून येताना काढलेली चित्रं आणि फोटो पाठवा. फोटो पाठवताना गावाचं नाव आणि तारीख लिहा. शंभर फोटो पाठवू नका, निवडून तीन पाठवा. दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलची एक भिंत प्रदर्शनाला राखून ठेवावी. आणि वर्गाचा कागद-रंगांचा खर्च काका आजवर स्वतःच्या खिशातून करत आले आहेत, तो यंदापासून मंडळानं उचलावा, अशी कमिटीला जाहीर विनंती.