रानभाज्यांच्या स्पर्धेतील शिक्षिका

साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे २००४ साली रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा सुरू झाली. गावाने राखलेले जंगल हा तिचा आधार. पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ते योग्यच. परंतु कौतुकाच्या लेखांत तेवढे एकच नाव येते. रांधणाऱ्या स्त्रिया ‘महिला’ एवढ्याच उरतात. वस्तुतः खऱ्या शिक्षिका त्याच. कडू कंदाच्या चकत्या उकडून वारंवार धुतल्या की विषारी द्रव्ये पाण्यात उतरतात, हे रसायनशास्त्र चुलीपाशीच टिकले आहे. म्हणून सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांनी केवळ चव घेऊन परतू नये. वनस्पती कोणती, तिचा कोणता भाग, कोणत्या दिवसांत, कसा शिजवतात, हे सांगणारीच्या नावासह वहीत नोंदवावे. नाहीतर पुरस्कार लक्षात राहील आणि भाजी ओळखणारे कोणी उरणार नाही.