आलंबन आणि आश्रय : आपल्या शृंगारपटांत इच्छा कोणाची?

(नाहूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या दोन व्याख्यानांत आपण रससिद्धांताची तोंडओळख करून घेतली. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव हे सगळं झालं. आज त्याच सिद्धांताला जरा अडचणीच्या जागी नेऊन उभं करायचं आहे. विषय आहे गेल्या काही दशकांतला शृंगारिक सिनेमा, मुख्यतः मराठी. विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, ‘सर, या वयात?’ आमचं म्हणणं असं, की याच वयात. तरुणपणी माणूस हे सिनेमे बघतो. त्यांच्याविषयी शांतपणे बोलायला थोडं वय व्हावं लागतं.

सुरुवात शब्दांपासून करू. आपल्याकडे या सिनेमांसाठी दोनच शब्द वापरात आहेत. आवडला तर ‘शृंगारिक’, नावडला तर ‘अश्लील’. आणि दोहोंमधला फरक काय, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘किती दाखवलं त्यावर.’ म्हणजे आपण कापड मोजतो. कायद्यानेही बराच काळ तेच केलं. सन १८६८च्या एका इंग्रजी निकालातली कसोटी आपल्या न्यायालयांनी उचलली होती. ज्याचं मन अशा गोष्टींनी बिघडू शकतं, त्याचं मन या मजकुराने बिघडेल का, असा तिचा प्रश्न. सन १९६४मध्ये मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल दोषी ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने तीच कसोटी धरली.

मराठीतलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. पुढच्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाचा निकाल आला. त्या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीतली दृश्यं होती. न्यायालयाने सेन्सॉरशिप वैध ठरवली, पण एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली : कामविषय आणि अश्लीलता या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. ठीक आहे. एक नसतात, हे कळलं. पण मग वेगळ्या कुठे होतात? ते न्यायालयाने सांगायचं नसतं, ते समीक्षेने सांगायचं असतं. आणि आपल्या समीक्षेने हा विषय, खरं सांगायचं तर, टाळला.

आता रससिद्धांताकडे या. शृंगाराचा स्थायी भाव रती. ही रती ज्याच्याविषयी वाटते ते आलंबन, आणि ती ज्याच्या मनात राहते तो आश्रय. दुष्यंताच्या मनात शकुंतलेविषयी रती जागी होते, तेव्हा दुष्यंत आश्रय आणि शकुंतला आलंबन. पण कालिदास तिथे थांबत नाही. शकुंतलेच्या मनातही रती आहे, तिथे ती आश्रय आहे. शृंगार पुरा होतो तो असा, दोन्हीकडून.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. आपल्या बहुतेक शृंगारपटांत स्त्री आलंबन असते, आश्रय नसते. ती इच्छेचा विषय असते, इच्छा करणारी नसते. सेन्सॉरची कात्री सगळी आलंबनावर चालली : किती पाठ दिसली, किती मांडी दिसली. आश्रयाबद्दल कुणी प्रश्नच विचारला नाही. लॉरा मल्व्ही यांनी १९७५च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात पुरुषी नजरेबद्दल जे मांडलं, ते याच्या जवळचं आहे. पण आपल्याला हे सांगायला आपलीच परिभाषा पुरते.

पहिलं उदाहरण, ‘पिंजरा’. सन १९७२, दिग्दर्शक व्ही. शांताराम, संध्या आणि डॉ. श्रीराम लागू. गावाला शिस्त लावणारा आदर्श मास्तर तमाशाच्या फडाला विरोध करतो आणि त्याच फडातल्या चंद्रकलेच्या ओढीने कोसळतो. गाव समजतं मास्तर मेला, त्याचा पुतळा उभारतं. आणि शेवटी मास्तर स्वतःच्याच खुनाचा आरोपी म्हणून शिक्षा पत्करतो. या गोष्टीचं मूळ ‘द ब्लू एंजल’ या १९३०च्या जर्मन चित्रपटात सांगितलं जातं. त्याच्याही मागे हाइनरिख मानची १९०५ची कादंबरी आहे.

हा मोठा सिनेमा आहे, याबद्दल दुमत नको. लागूंच्या चेहऱ्यावर इच्छा कशी हळूहळू उतरते, हे अभिनयाच्या विद्यार्थ्याने पुन्हा पुन्हा बघावं. आणि शांतारामांना एक गोष्ट पक्की कळलेली आहे : पिंजरा तमाशाचा आहे तसाच आदर्शाचाही आहे. गावाला माणूस नको, पुतळा हवा. इथपर्यंत सिनेमा फार धीट आहे.

पण आपला प्रश्न लावून बघा. आश्रय कोण? मास्तर. संपूर्णपणे मास्तर. चंद्रकला आधी सुडाचा खेळ मांडते, नंतर पश्चात्तापाने प्रेम करते. सूड आणि त्याग यांच्या मधली जी जागा, जिथे एखादी बाई म्हणते की मला हा पुरुष हवासा वाटतो, ती जागा सिनेमा ओलांडून जातो. तिचं नाचणं आपण मन भरून बघतो, तिचं वाटणं आपल्याला कळतं ते तिला दुःख झाल्यावर. आणि मास्तरच्या इच्छेला वाट एकच, फाशीची. म्हणजे प्रेक्षकाने दोन तास डोळे भरून बघायचं आणि शेवटी शिक्षा झाल्याचं समाधान घेऊन घरी जायचं. शृंगाराला परवानगी मिळाली ती शिक्षेच्या बोलीवर.

दुसरी वाट हशाची. ‘सोंगाड्या’ १९७१चा. दादा कोंडके आणि उषा चव्हाण, लेखन वसंत सबनीसांचं. कडक आईचा भाबडा पोरगा नाम्या, त्याला तमाशाचं वेड लागतं, कलावतीची ओढ लागते. पुढे ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’, आणि नावं उच्चारतानाच सभागृहात खसखस पिकते असे बाकीचे. आत्ताही पिकली, पाहा. लागोपाठ नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांसाठी त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं.

कोंडक्यांना ‘चावट’ म्हणून बाजूला सारणं हा शिष्टपणा आहे. द्व्यर्थी संवाद ही तमाशातल्या बतावणीची जुनी रीत आहे. त्यात एक युक्ती आहे : बोलणारा निरागस, अर्थ काढणारा प्रेक्षक. सेन्सॉरने कागदावर वाचलं तर वाक्य सोवळं असतं. म्हणजे कोंडक्यांनी सेन्सॉरला त्याचाच आरसा दाखवला. शिवाय गिरणगावातल्या आणि खेड्यापाड्यांतल्या बायका हे सिनेमे बघायला गेल्या आणि मोठ्याने हसल्या, ही गोष्ट लहान नाही. चारचौघांत त्या विषयावर हसायची मुभा त्यांना एरवी कोण देत होतं?

पण इथेही आपला प्रश्न सोडायचा नाही. नायक भाबडा, म्हणजे त्याला इच्छा आहे की नाही हेच ठरत नाही. नायिका पुढाकार घेते खरी, पण तिचा पुढाकार हा विनोदाचा कच्चा माल असतो. हशा पिकला की इच्छा संपली. थोडक्यात, आश्रय कोणीच नाही! सगळी रती प्रेक्षागृहात, पडद्यावर फक्त तिचं निमित्त. एका वाटेवर इच्छेला शिक्षा होते, दुसरीवर तिची थट्टा होते. दोन्हीकडे तिच्याशी बोलायचं राहून जातं.

मधे एक जाहिरातीची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या उपनगरांची आहे. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या जुन्या थिएटरांत सकाळचा शो असायचा. ‘मॉर्निंग शो’ म्हटलं की काय, ते इथल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना समजावून सांगायला नको. आय. व्ही. शशी यांचा ‘अवळुडे रावुकळ’ हा १९७८चा मल्याळम सिनेमा हिंदीत ‘हर नाइट्स’ होऊन उत्तरेकडे आला. मूळ सिनेमा आहे देहविक्री करून धाकट्या भावाला वाढवणाऱ्या एका मुलीचा. सीमा या अभिनेत्रीने ती भूमिका केली. त्यात ती मुलगी पूर्ण माणूस आहे : तिला लाज आहे, राग आहे, कुणीतरी आवडतंही. पण तो विकला गेला पाय दाखवणाऱ्या पोस्टरवर. सिनेमाने तिला आश्रय केलं आणि पोस्टरने पुन्हा आलंबन करून टाकलं. तेव्हा एखादी कृती अश्लील आहे का, एवढं विचारून भागत नाही. ती आपल्यापर्यंत कोणत्या रूपात आणली गेली, हेही विचारावं लागतं.

आता तिसरी वाट. ‘जैत रे जैत’, १९७७. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत हृदयनाथ मंगेशकर, गीतं ना. धों. महानोर. ठाकरवाडीतला भगताचा मुलगा नाग्या म्हणजे मोहन आगाशे, आणि चिंधी म्हणजे स्मिता पाटील. चिंधी नावडत्या नवऱ्याला सोडून आलेली आहे. तिला नाग्या आवडतो आणि ती ते लपवत नाही. कॅमेरा तिच्याकडे बघतो हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती नाग्याकडे बघते आणि कॅमेरा तिच्या बघण्याला वेळ देतो. मराठी पडद्यावर एका बाईच्या डोळ्यांतून पुरुष सुंदर दिसतो, असं किती वेळा घडलं? इथे घडलं. अंगावर कपडे किती, हा प्रश्न तिथे सुचतसुद्धा नाही.

कुणी म्हणेल, चिंधीही शेवटी मरतेच की! मरते. पण कशाने मरते ते बघा. नाग्याचा एक डोळा मधमाश्यांनी नेलेला असतो. राणीमाशीला संपवण्याचा त्याचा हट्ट असतो. त्या हट्टाची किंमत चिंधी देते. तिने इच्छा केली म्हणून तिला शिक्षा होत नाही. पुरुषाच्या जिद्दीचा विजय कोणाच्या जिवावर उभा राहतो, हे सिनेमा दाखवतो. ‘पिंजरा’तली फाशी आणि ‘जैत’मधला हा मृत्यू यांत हा मूलभूत फरक आहे.

यानंतर थेट अमोल पालेकरांकडे येऊ. सन २००१मध्ये त्यांनी ‘ध्यासपर्व’ केला, र. धों. कर्व्यांवर. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ चाललं. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे कर्वे तर्काने मांडत होते. पालेकरांनी २००३मध्ये ‘अनाहत’ केला तेव्हा तेच जणू गोष्टीतून मांडलं. मूळ नाटक सुरेंद्र वर्मांचं, हिंदी. राजा अपत्य देऊ शकत नाही, म्हणून अमात्य नियोगाचा निर्णय घेतात. राणी शीलवतीने एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडायचा, राज्याला वारस द्यायचा. अनंत नाग राजा, सोनाली बेंद्रे राणी, दीप्ती नवल महत्तरिका.

सगळ्यांच्या हिशेबात राणी हे साधन आहे. आमच्या विषयातल्या भाषेत बोलायचं तर कांटने जे करू नका म्हणून सांगितलं, तेच इथे राज्यकारभार म्हणून चाललं आहे : माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरणं. पण सकाळी राणी परत येते तेव्हा ती बदललेली असते. तिला कळलेलं असतं की आपल्याला शरीर आहे आणि त्याला सुख आहे. ते ती बोलून दाखवते, राजासमोर, अमात्यांसमोर. सगळ्या सिनेमातला सर्वांत शृंगारिक प्रसंग आमच्या मते रात्रीचा नाही, हा सकाळचा आहे. आलंबन म्हणून पाठवलेली बाई आश्रय होऊन परत आली! आणि दरबाराला धक्का बसतो तो याचाच. रात्री जे घडलं त्याला सर्वांची संमती होती. ती ते सांगेल, याला कुणाचीच नव्हती.

‘अनाहत’मध्ये उणीव नाही असं नव्हे. मांडणी नाटकी आहे, सजावट कधीकधी संवादांवर चढते. राजाची ती रात्र जितकी आतून दिसते तितकी राणीची दिसत नाही. पण प्रश्न बरोबर विचारलेला आहे, आणि मराठीत तो इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी विचारला.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, ‘आता फोनवर सगळंच दिसतं. मग या जुन्या सिनेमांची चर्चा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं : फोनवर जे दिसतं त्यात आलंबन अमाप आहे, आश्रय शून्य. समोरच्या बाईला काय वाटतं, तिला ‘नको’ म्हणायचं आहे का, हे तिथे कधीच कळत नाही. आपली नातवंडं इच्छेची पहिली बाराखडी तिथे गिरवत आहेत. त्यांना ‘ते बघू नका’ एवढंच सांगणं म्हणजे पुन्हा कापड मोजणं झालं. त्यापेक्षा ‘जैत रे जैत’ त्यांच्यासोबत बसून बघा. अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारा : यात कोणाला कोण हवं होतं, आणि ते आपल्याला कशावरून कळलं?

पुढच्या व्याख्यानात करुण रस घेऊ.