शहरपनाह ते आलमपनाह : सुरतची हद्दवाढ आणि प्रादेशिक नियोजनातील सहकार्याचा प्रश्न

सुरतेला एकेकाळी दोन तट होते. आतला तो शहरपनाह. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि पेठा उघड्या पडल्या. त्यानंतर हा तट पक्का करण्यात आला. अठराव्या शतकाच्या आरंभी बाहेरचा दुसरा तट उभा राहिला, तो आलमपनाह. पहिल्या तटाबाहेर वाढलेल्या पुऱ्यांना त्याने पोटात घेतले. मोगल अमलात बंदर आणि महसूल मुत्सद्द्याकडे, तर किल्ला स्वतंत्र किल्लेदाराकडे असे. दोघांचे धनी दूर दिल्लीत. संकट आले की कोणाचा हुकूम कोठपर्यंत चालतो, हाच वादाचा विषय होई. हा इतिहास येथे केवळ शोभेसाठी दिलेला नाही. वस्ती आधी हद्दीबाहेर वाढू द्यायची आणि मग नवी भिंत घालून तिला आत घ्यायचे, ही सुरतची वाढीची रीत त्या तटांपासून आजच्या महापालिकेपर्यंत फारशी बदललेली नाही.

शहराची महापालिका आणि भोवतालच्या जिल्ह्याची शासनयंत्रणा यांनी प्रादेशिक वाढीचे नियोजन एकत्र बसून करावे, असे तत्त्व सर्वमान्य आहे. सुरतच्या बाबतीत ते कितपत उतरले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सुरतवरील लेखनात साधारणपणे दोनच सूर ऐकू येतात. एक, प्लेगच्या शहराचे स्वच्छ शहर कसे झाले याच्या कौतुकाचा. दुसरा, हिरे आणि कापड यांच्या भरभराटीच्या अभिमानाचा. दोन्ही सूर महापालिकेच्या वेशीशी येऊन थांबतात.

प्रथम रचना पाहू. सुरत नगरपालिका १८५२ ची, महापालिका १९६६ ची. गुजरातचा नगररचना व नागरी विकास कायदा १९७६ चा असून त्यान्वये १९७८ मध्ये सुरत नागरी विकास प्राधिकरण, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘सुडा’, स्थापन झाले. त्याच्याकडे ७२२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र सोपवण्यात आले. त्यात शहर होते आणि भोवतालची गावेही. प्राधिकरणाच्या मंडळावर जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षांना पदसिद्ध जागा आहे, स्थानिक संस्थांच्या सदस्यांनाही थोड्या जागा आहेत, महापालिका आयुक्त तर असतातच. कागदावर पाहता शहर आणि जिल्हा एका मेजाभोवती बसलेले दिसतात.

व्यवहारात मात्र कामाची वाटणी चमत्कारिक आहे. गावाचा आराखडा सुडाने करायचा, पण गावचे पाणी, दिवाबत्ती, गटार आणि सफाई ग्रामपंचायतीने पाहायची. प्राथमिक शाळा जिल्हा पंचायतीकडे. औद्योगिक वसाहतीचा कारभार औद्योगिक महामंडळाकडे. नदी पाटबंधारे खात्याची. ज्याच्या हाती नकाशा, त्याच्या हाती झाडू नाही. ज्याच्या हाती झाडू, त्याला नकाशा विचारीत नाही. त्यात आराखड्याची गती पाहावी. दर दहा वर्षांनी आराखड्याची फेरतपासणी व्हावी असे कायदा सांगतो. सुडाचा पहिला आराखडा मंजूर झाला १९८६ मध्ये आणि सुधारित आराखडा २००४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. याच अठरा वर्षांत यंत्रमाग उधना, पांडेसरा, लिंबायतपर्यंत पसरले, हिऱ्याचे कारखाने वराछा-कतारगामात दाटले, खानदेशातून, सौराष्ट्रातून, ओडिशाच्या गंजामहून, उत्तर प्रदेश-बिहारहून माणसे आली. १९९४ चा प्लेगही याच काळातला. आराखडा वस्तीच्या मागून चालत आला.

मग प्रश्न सोडवण्याचे साधन एकच उरले, ते म्हणजे हद्दवाढ. १९६० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ८ चौरस किलोमीटर असलेले शहर १९९४ पर्यंत सुमारे ११२ चौरस किलोमीटर झाले. २००६ मध्ये आठ नगरपालिका आणि सत्तावीस ग्रामपंचायती एकदम आत घेऊन ते ३२६ वर गेले. २०२० मध्ये सचिन आणि इतर गावे मिळून सुमारे ४६२ वर. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. २००१ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या २४.३ लाख, २०११ मध्ये ४४.७ लाख. या दोन आकड्यांवरून शहराच्या अफाट वाढीचा निष्कर्ष काढणारे लेख वारंवार वाचनात येतात आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तसेच्या तसे उतरवले जातात. त्या वाढीचा एक भाग माणसांचा आहे आणि एक भाग निव्वळ रेषेचा. २००५ साली जो गावकरी होता तो २००६ मध्ये घर न बदलता नागरिक झाला.

हद्दवाढीला सहकार्य म्हणता येईल काय? सहकार्यात दोन पक्ष शिल्लक राहतात, तर हद्दवाढीत एक पक्ष संपतो. विलीन झालेल्या ग्रामपंचायतीचा सरपंच, तिची ग्रामसभा, तिचा छोटासा अर्थसंकल्प हे सर्व एका अधिसूचनेने मावळते. त्याऐवजी लाखाच्या घरातील मतदारांच्या प्रभागात गावाचा वाटा उरतो. सोयी येतात हे मान्य केले पाहिजे. नळ, गटार आणि दवाखाना महापालिकेने ज्या वेगाने दिला तसा जिल्हा पंचायतीला बहुधा देता आला नसता. पण सोयी येईपर्यंतची मधली दहा-पंधरा वर्षे कोणाची, याचे उत्तर या व्यवस्थेत नाही.

या मधल्या वर्षांचा जाच कोणाला होतो हे नीट पाहण्यासारखे आहे. गुजरातच्या नगररचना योजनेची देशभर वाखाणणी होते आणि ती अगदी अनाठायी नाही. शेतजमिनी सक्तीने संपादन न करता एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळांसाठी हिस्सा काढायचा, उरलेली जमीन मालकाला सुबक अंतिम भूखंडाच्या रूपाने परत द्यायची. जमीन कमी होते, पण तिचा भाव वाढतो. कायद्यात रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा व मैदानांसाठी ५, सामाजिक सोयींसाठी ५ आणि प्राधिकरणाने विकून खर्च भागवावा म्हणून १५ टक्क्यांपर्यंत जमीन ठेवण्याची तरतूद आहे. दुर्बल घटकांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत जागा ठेवता येते. ‘पर्यंत’ हा शब्द येथे महत्त्वाचा. तो जास्तीत जास्त सांगतो, कमीत कमी सांगत नाही. शिवाय या साऱ्या प्रक्रियेत सुनावणी होते ती जमीनमालकाची. त्याच गावात चाळीच्या खोलीत भाड्याने राहून बारा तास माग चालवणारा कारागीर मालकही नाही आणि पुष्कळदा तेथला मतदारही नाही. आराखड्याच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो.

शाळेचे उदाहरण अध्यापक वाचकांना अधिक जवळचे वाटेल. सुरत महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, ओडिया आणि तेलुगू माध्यमांतही चालतात. देशातील फार थोड्या महापालिका इतक्या भाषांचा भार उचलतात आणि याबद्दल सुरतचे कौतुक करावे तितके थोडे. पण भोवतालच्या जिल्हा पंचायतीच्या शाळा मुख्यतः गुजराती माध्यमाच्या आहेत. कडोदरा, पलसाणा, सायण या पट्ट्यात कारखाने आहेत, मजूर आहेत, त्यांची मुलेही आहेत. नंदुरबारहून आलेला भाऊ लिंबायतला राहिला तर त्याच्या मुलीला मराठी शाळा मिळण्याची शक्यता आहे. दुसरा भाऊ हद्दीपलीकडे काही किलोमीटरवर राहिला तर ती बहुतेक नाही. उर्दूचीही तीच गत. मुलांचे माध्यम शहराच्या सीमारेषेने ठरावे ही गोष्ट कोणत्याही विकास आराखड्याच्या जमीनवापर नकाशावर दिसत नाही. आराखड्यात शाळेसाठी भूखंड राखला जातो. कोणत्या भाषेची शाळा आणि ती कोण चालवणार, हे त्या रंगीत चौकोनात मावत नाही. महापालिकेची शिक्षण समिती आणि जिल्ह्याची शिक्षण समिती यांनी आपसांत करार करून हद्दीलगतच्या मुलांना प्रवेश द्यावा, शिक्षक वाटून घ्यावेत, याला जमिनीचा एक तुकडाही लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्ष नाही.

याउलट जेथे जमिनीचा भाव चढतो तेथे सहकार्य चटकन जुळते. सुमारे ६६ किलोमीटरच्या बाह्य वळण रस्त्यासाठी सुडा आणि महापालिका एकत्र आली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नगररचना योजना आखून जमिनीच्या वाढीव मूल्यातून खर्च काढण्याची कल्पना पुढे आली. खजोद हे नाव पूर्वी शहराच्या कचऱ्याशी जोडलेले होते. तेथे ड्रीम सिटी ठरली तेव्हा त्यासाठी वेगळे प्राधिकरणदेखील निघाले आणि हिरे बाजाराच्या भव्य इमारतीचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले. यंत्रणांना एकत्र काम करता येत नाही हा आक्षेप सुरतवर घेता येणार नाही. कशासाठी एकत्र यायचे, याची त्यांची निवड तेवढी बोलकी आहे.

पाण्याकडे वळले की चित्र आणखी स्पष्ट होते. तापीच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरच्या खोऱ्यापैकी ५१ हजारांहून अधिक क्षेत्र महाराष्ट्रात आहे. धुळे-जळगाव-नंदुरबारात पाऊस कोसळतो, उकाई धरण भरते आणि सुरत नदीच्या मुखाशी बसलेली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. हद्दवाढीचे तेच वर्ष. धरण पाटबंधारे खात्याचे, काठावरची बांधकामे महापालिका आणि सुडा यांच्या परवानगीची, मदतकार्य जिल्हाधिकाऱ्यांचे. २००७ मध्ये तापी जिल्हा वेगळा झाल्यावर उकाईचा जिल्हाही बदलला. पुढे रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने आशियाई शहरांसाठी जो हवामानविषयक उपक्रम झाला, त्यात सुरतची निवड होऊन पूर्वसूचनेची व्यवस्था उभी राहिली. धरणाचे अभियंते आणि महापालिकेचे अधिकारी एकमेकांशी नियमितपणे बोलू लागले. सुरतमधील खऱ्या अर्थाने आंतरसंस्थात्मक सहकार्याचे हे उत्तम उदाहरण होय. मात्र त्यासाठी आधी शहर बुडावे लागले.

मोठ्या नदीबाबत जे साधले ते खाड्यांबाबत साधलेले नाही. शहराच्या पूर्वेकडील तालुक्यांतून पाणी घेऊन येणाऱ्या खाड्या लिंबायत, पर्वत पाटिया भागातून वाहतात. वरच्या अंगाला गावांत भराव पडतात, शेतांचे भूखंड होतात, नाले अरुंद होतात. ते पाहणारी यंत्रणा वेगळी. खालच्या अंगाला मिठी खाडी फुगते आणि मराठी, मुसलमान, उत्तर भारतीय मजुरांच्या वस्त्यांत पाणी शिरते. जुलै २०२४ मध्ये हे झाले, जून २०२५ मध्ये पुन्हा झाले. महापालिका आपल्या हद्दीत खाडी खोल करते, भिंती बांधते, पंप लावते. हद्दीबाहेरच्या वीस गावांतून येणारे पाणी मात्र पंपाला विचारून येत नाही.

राज्यघटनेने या कोड्याचा विचार केला नव्हता असे नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दोन समित्या सुचवल्या. जिल्हा नियोजन समितीत किमान चार-पंचमांश आणि महानगर नियोजन समितीत किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवक व पंचायतींचे प्रतिनिधी यांनी आपल्यातून निवडून द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. गावाचा सरपंच आणि शहराचा नगरसेवक एकाच आराखड्यावर मत देतील, ही त्यामागील कल्पना. सुरतच्या वाढीच्या ठळक निर्णयांत मात्र प्राधिकरण, आयुक्त आणि राज्याचा नगरविकास विभाग यांचाच हात दिसतो. महाराष्ट्राने याबाबत बोट दाखवण्याचे कारण नाही. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे घेतली. नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांसाठी २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद करण्यात आली. ज्या गावांनी वर्षानुवर्षे पुण्याचा कचरा सोसला, तीच गावे आत-बाहेर होत राहिली.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सुरत आर्थिक क्षेत्रा’चा बृहत् आराखडा जाहीर झाला. निती आयोगाच्या सहभागाने तयार झालेल्या या आराखड्यात सुरत, भरूच, नवसारी, वलसाड, तापी आणि डांग हे सहा जिल्हे आहेत. शहर आणि जिल्हा यांना एका क्षेत्राचे भाग मानणारी ही दृष्टी आजवरच्या हद्दवाढीपेक्षा निश्चितच पुढची आहे. तिची परीक्षा मात्र उत्पन्नाच्या लक्ष्यांवरून करू नये. पलसाण्याच्या पंचायतीला खाडीच्या भरावाबद्दल सुरतच्या नगरसेवकाशी बोलण्याची जागा मिळते काय, डांगच्या मजुराच्या मुलांची शाळा हंगामात कोण चालवते, हे प्रश्न आधी विचारावेत. आणि नकाशाही एकदा उलगडून पाहावा. उधना-जळगाव लोहमार्गावरील गाड्यांतून ज्या नंदुरबार, धुळे, जळगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला कामावर येतात, आणि जेथले पाणी उकाईत साठते, ते तिन्ही जिल्हे या आर्थिक क्षेत्राच्या रेषेबाहेर आहेत, कारण मध्ये राज्याची सीमा आहे.