गुन्हेगार गणित करतो का?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे गॅरी बेकर एकदा एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घेण्यासाठी मोटारीने निघाले होते. उशीर होत होता. गाडी वाहनतळावर ठेवावी तर पैसे पडणार. रस्त्याच्या कडेला बेकायदा उभी करावी तर दंडाची चिठ्ठी मिळण्याचा धोका. चिठ्ठी मिळण्याची शक्यता, दंडाची रक्कम आणि वाहनतळाचा खर्च यांचा मनाशी हिशेब करून त्यांनी गाडी रस्त्यावरच लावली. दंड झाला नाही. परीक्षेच्या खोलीकडे जाताना त्यांच्या मनात आले, की नगराचे अधिकारीही असाच हिशेब करत असणार. मग दोन्ही बाजूंनी कसे वागणे फायद्याचे, हाच प्रश्न त्यांनी त्या विद्यार्थ्याला घातला! १९९२ सालच्या नोबेल व्याख्यानात बेकर यांनीच ही हकिगत सांगितली आहे.

या विचारातून १९६८ साली गुन्हा आणि शिक्षा यांवरचा त्यांचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील मांडणी थोडक्यात अशी : गुन्हा करणारा माणूस इतरांहून वेगळ्या जातीचा नसतो. तोही आपल्यासारखाच लाभ-हानी तोलतो. गुन्ह्यातून मिळणारा लाभ एका पारड्यात, तर पकडले जाण्याची संभाव्यता आणि शिक्षा दुसऱ्या पारड्यात. पहिले पारडे जड झाले की गुन्हा घडतो. यालाच तर्कशुद्ध निवडीचा सिद्धांत म्हणतात.

या सिद्धांताने एक मोठे काम केले. 'गुन्हेगार जन्मतःच तसा असतो' या समजुतीला त्याने धक्का दिला आणि परिस्थितीकडे लक्ष वेधले. पश्चिम जर्मनीचे उदाहरण पाहा. तेथे १९८० साली हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वारांना जागच्या जागी दंड होऊ लागला. त्या वर्षी सुमारे १,५३,००० मोटारसायकली चोरीस गेल्या होत्या. १९८६ साली ही संख्या सुमारे ५४,००० वर आली. कारण सोपे आहे. रस्त्यात उभी दिसलेली मोटारसायकल पळवणाऱ्याजवळ सहसा हेल्मेट नसते आणि उघड्या डोक्याचा स्वार पोलिसांच्या लगेच नजरेस येतो. चोरांची मने बदलली नव्हती. संधी महाग झाली होती. घटलेल्या सगळ्या चोऱ्या मोटारींकडे आणि सायकलींकडे वळल्या, असेही झाले नाही.

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण गुणाकाराची आहे. पकडले जाण्याची शक्यता दहात एक आणि दंड १०० रुपये असेल तर सरासरी तोटा १० रुपये. शक्यता शंभरात एक आणि दंड १००० रुपये केला तरी तोटा तेवढाच. यातून शासनाला एक सोयीचा मार्ग दिसतो : पोलीस वाढवणे खर्चाचे आहे, दंडाचा आकडा वाढवणे फुकट आहे, तेव्हा आकडाच वाढवावा. आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि सीटबेल्ट न लावण्याचा दंड १०० रुपयांवरून १००० रुपये झाला. पण ज्या रस्त्यावर कोणी अडवतच नाही, तेथे हा आकडा चालकाच्या मनात येईल कशाला? इटलीतील बेकारिया यांनी १७६४ सालीच लिहून ठेवले होते, की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची खात्री गुन्ह्याला अधिक आवर घालते. बेकर यांनाही हे माहीत होते, पण त्यांनी त्याचे कारण गुन्हेगाराच्या धोका पत्करण्याच्या आवडीत शोधले. हर्बर्ट सायमन यांचे उत्तर अधिक पटते. माणूस सगळे पर्याय मोजत बसत नाही. चालण्याजोगा पर्याय सापडला की थांबतो. दूरची, अंधूक शिक्षा त्याच्या हिशेबात शिरतच नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. इस्रायलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून सहा पाळणाघरांत उशिरासाठी छोटा दंड ठेवला. सिद्धांताप्रमाणे उशीर कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो जवळजवळ दुप्पट झाला! पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटत असे. आता पालक उशिराची किंमत मोजू लागले. पुढे दंड रद्द केला तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. दंडाने केवळ तराजूतले वजन बदलले नाही, तराजूच बदलला.

यावर सिद्धांताचे समर्थक म्हणतात, "संकोच हीसुद्धा एक किंमतच. तीही हिशेबात धरा." येथेच तिसरी अडचण उभी राहते. तिच्यासाठी पुन्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर जाऊ. संयुक्त राष्ट्रांतील परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना तेथे विशेष संरक्षण असल्याने त्यांच्याकडून गाड्यांचा दंड वसूल होत नसे. १९९७ ते २००२ या काळात त्यांच्या नावावर दीड लाखाहून अधिक न भरलेल्या चिठ्ठ्या साठल्या. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल यांनी त्यांची देशवार मांडणी केली. शिक्षा सर्वांना सारखीच, म्हणजे शून्य. तरीही कुवेतच्या अधिकाऱ्यांमागे दरवर्षी सरासरी दोनशेहून अधिक चिठ्ठ्या, तर नॉर्वे, स्वीडन, जपान यांची पाटी कोरी. २००२च्या ऑक्टोबरात दंड थकवणाऱ्यांच्या गाड्यांच्या विशेष नंबरप्लेटा काढून घेण्यास सुरुवात झाली आणि उल्लंघने सुमारे ९८ टक्क्यांनी घटली.

ही घट सिद्धांताच्या बाजूने स्पष्ट साक्ष देते. पण त्याआधीचा कुवेत आणि नॉर्वे यांतला फरक? 'नॉर्वेच्या माणसाला नियम पाळण्यात समाधान मिळते' असे म्हणून तोही हिशेबात बसवता येतो. परंतु नियम मोडणारा फायद्यासाठी मोडतो आणि पाळणारा समाधानासाठी पाळतो, असे म्हटले की कोणतीच घटना सिद्धांताला खोटे ठरवू शकत नाही. काय घडणार नाही हे जो आधी सांगू शकत नाही, तो सिद्धांत स्पष्टीकरण देत नाही. घडून गेलेल्याला फक्त नवे नाव देतो.

म्हणून हा सिद्धांत टाकून देण्याची गरज नाही. त्याचा आवाका ओळखण्याची आहे. संधी कोठे आहे, पकडले जाण्याची खात्री किती, हे विचारायला तो उत्तम. माणसे कोणी पाहत नसतानाही नियम का पाळतात, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. आणि शाळेचा संबंध मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाशी येतो. कॉपी रोखण्यासाठी बसण्याची व्यवस्था बदलणे आणि प्रश्नपत्रिकेचे वेगवेगळे संच काढणे हे बेकर यांच्या पद्धतीचे, उपयोगी उपाय. पण उशिरा येण्यासाठी दंड लावताना हैफा आठवावे.

आठवी-नववीच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : दहात एक वेळा १०० रुपये जाण्याचा धोका पत्कराल, की शंभरात एक वेळा १००० रुपये? गुणाकार सारखा आहे हे मुलांना लगेच कळेल. तरी हात सारखे वर येतात का, ते मोजा. मग विचारा, दंड अजिबात नसता तर तुम्ही वेळेवर आला असता का, आणि का? संभाव्यतेचा धडा पहिल्या प्रश्नात आहे. दुसऱ्यावर मात्र मुलांना भरपूर बोलू द्यावे.