प्लेटवरचं वलय आणि चारोटीची माती

पिकोव्हस्काया माध्यमावर जिवाणूभोवती स्वच्छ वलय दिसलं, की आपण लगेच लिहून टाकतो, ‘स्फुरद विरघळवणारा, पीकवाढीस उपयुक्त’. जरा थांबा. त्या माध्यमात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं. जिवाणूनं सोडलेल्या आम्लात ते सहज विरघळतं. पण चारोटीजवळच्या वरकस उतारावरची, नागलीची माती आम्लधर्मी निघाली, तर तिथला बराच स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधलेला असणार. योआव बाशान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या चाचणीवर असाच आक्षेप घेतला होता. म्हणून आधी मातीचा सामू मोजा. लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फेटवरही चाचणी घ्या. मग त्याच, निर्जंतुक न केलेल्या मातीत जिवाणूसह आणि जिवाणूविना नागली वाढवून बघा. रोपांत फरक दिसला, तरच ‘उपयुक्त’ लिहा.